माझ्या लेकीचा ओठ

सगळ्यांत आधी टाळी मी वाजवली.

शाळेचा हॉल भरला होता. स्टेजवर व्यसनमुक्तीचं बॅनर, टेबलावर निळी चादर, पाण्याच्या बाटल्या, मागं खुर्च्यांवर साहेब लोक. मी तिसऱ्या रांगेत, भाचीच्या लग्नातली साडी नेसून. माईकवर सरांनी नाव घेतलं, "कुमारी हेमलता, इयत्ता नववी," आणि माझी सोळा वर्षांची लेक, दोन वेण्या, इस्त्रीचा ड्रेस, पायऱ्या चढून वर गेली. मी टाळ्या वाजवायला लागले. माझं पाहून बाजूच्या चार बायांनी वाजवल्या.

दोन दिवस आधी मुख्याध्यापकांचा फोन आला होता. "मुलीला नक्की पाठवा. तुम्हीपण या. तिला स्टेजवर बोलवायचं आहे."

आता स्टेजवर माणसाला कायले बोलावतात? बक्षिसाले. मला दुसरं काही सुचलंच नाही. कशाचं बक्षीस तेही मी विचारलं नाही. हेमाची रांगोळी बरी असते, तर रांगोळीचं असेल, असं मीच ठरवून टाकलं. मग शेजारच्या सुशीलाला सांगितलं. सुशीलाला सांगितलं म्हणजे गावात दवंडी दिली.

गोंदियाहून आलेल्या पाहुण्या डॉक्टरीणबाई उठल्या. हेमाच्या हनुवटीला दोन बोटं लावून त्यांनी तिचं तोंड हॉलकडं फिरवलं. बैलाच्या बाजारात जबडा धरून दाखवतात, तसं.

"बघा मुलांनो. नाकाच्या खाली, ओठाच्या वर, आपल्या सगळ्यांना एक खळी असते. लावा बोट. आहे ना? हिला नाही. वरचा ओठही पातळ. डोळे बघा किती छोटे. ही अशी का जन्मली? कारण ही पोटात असताना आई दारू प्यायली. बच्ची का क्या कसूर? एका ग्लासनं एक आयुष्य बरबाद."

हॉलमधल्या सगळ्या पोरांनी नाकाखाली बोट लावलं होतं. शिपायानं लावलं. माझ्या बाजूच्या बाईनं लावलं. मग मुख्याध्यापकांनी स्टेजवरून माझ्याकडं नुसतं पाहिलं, आणि ते पाहतात तिकडं सगळा हॉल पाहायला लागला.

माझे हात अजून टाळीतच होते. ते कुठं ठेवावेत ते कळेना.

हेमा वर हसत उभी होती. तिनंही बोट लावून पाहिलं. मग टाळ्या झाल्या. या वेळी मी वाजवल्या नाहीत.

खाली आल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "आई, बक्षीस कुठी हाये?"

"मागून भेटते," मी म्हटलं. खोटं बोलले.

गावात ऑटोतून उतरलो तर सुशीला फाटकातच उभी.

"काय भेटलं वं बाई? कप का सर्टिफिकीट?"

"भाषण भेटलं," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. कोणाची म्हैस कोणाच्या मांडवात शिरली, कोणता जावई रुसून जेवणावरून उठला आणि मागच्या दारानं परत येऊन जेवला, हे सगळं मी तिखटमीठ लावून सांगते. ब्लाऊज शिवायला टाकलेल्या बाया माप देऊनही घरी जात नाहीत, गोष्ट पूर्ण व्हायची वाट पाहतात. असं माझं तोंड. या तोंडानं एक गोष्ट चौदा वर्षं सांगितली नव्हती. आता सांगून राहिले. तिखटमीठ लावत नाही.

आमचं शेत थोडं. म्हणून रोवण्याच्या दिवसांत आम्ही बाया टोळी करून दुसऱ्यांच्या बांध्यांत धान लावायला जायचो, ठेक्यानं. सकाळी उपटलेली रोपं त्याच दिवशी लावून संपवायची, नाहीतर ती मान टाकतात. दिवसभर वाकून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, वरून पाऊस. चार वाजायच्या सुमारास बोटं सुन्न व्हायची आणि एकेक बाई धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, जाऊन बसायची. तेव्हा मालकाकडून डबकी यायची. पाच लिटरची प्लॅस्टिकची डबकी, आत मोहाची दारू, सोबत स्टीलचा एक ग्लास. सगळ्या टोळीला तोच ग्लास. मालकाचे थोरले चिरंजीव छत्री धरून धुऱ्यावर उभे राहायचे.

"घ्या, घ्या. आंग गरम होईल. एवढी बांधी तेवढी होऊन जाऊ द्या."

दोन घोट घेतले की कंबर दुखायची थांबत नव्हती. दुखते आहे हे कळायचं थांबत होतं. आम्ही परत वाकायचो. बांधी होऊन जायची.

मला तेव्हा तिसरा महिना होता. टोळीतल्या बायांना माहीत होतं. आणि माहीत होतं म्हणूनच त्या मला दुसऱ्यांदा ग्लास भरून द्यायच्या. "घे वं, दोन जिवांची आहेस, एका ग्लासात दोघांचं कसं भागीन?" घरी आले की सासूबाई चुलीजवळ अर्धी वाटी ठेवून वाट पाहायच्या. माझे ओले पाय स्वतःच्या पदरानं पुसायच्या. म्हणायच्या, "आंग गरम राहिलं तं लेकरू उबीत राहते." त्यांच्या सासूनं त्यांना असंच पाजलं होतं. रोवणा संपला तरी वाटी चालू राहिली, कंबर दुखते म्हणून. दिवाळीनंतर धानकापणीला परत डबकी.

मला ती आवडायची नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मला आवडायची. दिवसभरात तेवढाच वेळ कोणी मला 'घे' म्हणायचं.

छत्री धरून उभे राहणारे ते चिरंजीव आज शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आहेत. त्या दिवशी स्टेजवर मधल्या खुर्चीत तेच होते. डॉक्टरीणबाईंच्या वाक्यावाक्याला मान डोलवत होते.

हेमा झाली तेव्हा एवढीशी होती, दोन तळहातांत मावेल अशी. सासूबाई म्हणाल्या, खाईल आणि वाढेल. खाल्लं, थोडी वाढली. उशिरा चालली, उशिरा बोलली, पण बोलायला लागली ती माझ्यावर गेली. तिच्या बोलण्याला कोणीही फसतं. पाहुण्यांना वाटतं, किती हुशार पोट्टी. मग तिला सांगा, 'हंडा ठेव, गायीला पाणी दाखव आणि येताना काड्याची पेटी आण.' ती हंडा ठेवील आणि तिथंच उभी राहील.

मी तिला मारलं. हे लिहायला पाहिजे. सातचा पाढा संध्याकाळी घडाघडा म्हणायची, सकाळी सात दुणेलाच अडायची. मला वाटायचं मुद्दाम करते. ज्या लाकडी पट्टीनं मी कापडावर खडूच्या रेघा मारते, त्याच पट्टीनं तिच्या तळहातावर मारल्या. मी स्वतः दहावीला गणितात दोनदा आपटलेली. पण पट्टी हातात आली की माणसाला आपण फार शिकलेलो आहोत असं वाटतं.

शाळेत सहावीत असताना एका मुलीचा पेन हरवला. बाईंनी हेमाला विचारलं, "तू घेतलास ना?" हेमा म्हणाली, "हो." "कुठं ठेवलास?" "घरी, आईच्या मशीनच्या डब्यात." मी सगळा डबा उलटा केला. बटणं, हुक, बॉबिन, सगळं. पेन नव्हता. त्या दिवशी पट्टी मोडली. दुसऱ्या दिवशी पेन त्या मुलीच्याच कंपासपेटीत सापडला. मी हेमाला विचारलं, "मग हो काऊन म्हटलं?" ती म्हणाली, "बाईंनी विचारलं ना."

याचा अर्थ समजायला मला आणखी दोन वर्षं लागली.

उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, हिला एकदा नागपूरला दाखवा. रेल्वेनं गेलो, मी, हेमा आणि हेमाचे बाबा. तिथल्या डॉक्टरांनी तिच्याकडून चित्रं काढून घेतली, ठोकळे लावून घेतले, तोंड पाहिलं. हनुवटीला हात लावायच्या आधी त्यांनी तिला विचारलं होतं, "लावू का?" ते तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं. मग मला विचारलं, "गरोदर असताना दारू घेतली होती का?"

"छे छे. आमच्या घरी कोनी हातसुद्धा लावत नाही."

हेमाचे बाबा छताचा पंखा पाहायला लागले. गाडीच्या प्रवासाची भीती वाटते म्हणून त्यांनी सकाळीच थोडी घेतली होती आणि त्या खोलीत सगळ्यांना वास येत होता.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वेळी सांगा. किती आणि कोणत्या महिन्यात, एवढंच पाहिजे. का घेतली ते मी विचारणार नाही."

पुढच्या वेळी मी एकटी आत गेले आणि सांगितलं. रोवणा, वाटी, धानकापणी. सांगताना वाटत होतं की आता हा माणूस उठून मला थोबाडीत देईल, आणि दिली तर बरं होईल. त्यांनी लिहून घेतलं. मग त्या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. आईच्या पोटात असताना दारूनं मेंदूला झालेली इजा. औषधानं जाणारी नाही. पण तिच्याभोवतीची माणसं वागणं बदलतील तर तिचं पुष्कळ काही होईल, असं म्हणाले.

"ती ऐकत नाही असं समजू नका. तीन गोष्टी एकदम सांगितल्या की तिच्याकडून तिन्ही सांडतात. एक सांगा, झाली की दुसरी. तोंडी सांगण्यापेक्षा दाखवा. काल आलेलं आज आलं नाही तर परत दाखवा, रागवू नका. आणि तिनं हो म्हटलं म्हणजे तिला समजलं असं धरू नका. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ती हो म्हणते. खोटं बोलत नाही, जे आठवत नाही तिथं काहीतरी भरते."

मला सातचा पाढा आठवला. पेन आठवला. मोडलेली पट्टी आठवली. ही गोष्ट मी हेमा लहान असतानाच एखाद्या डॉक्टरला सांगितली असती तर ती वर्षं वाचली असती. माझी लाज राखायला पोरीनं मार खाल्ला.

घरी आल्यावर मी सपरीत, पुढच्या ओसरीवर, एक दोरी बांधली. त्यावर सकाळच्या कामांच्या वस्तू ओळीनं अडकवल्या. ब्रश, टॉवेल, ड्रेस, कंगवा, डबा, दप्तर. जी वस्तू पुढं, ते काम आधी. गावातल्या लोकांना वाटलं मी दुकान टाकलं. एक म्हातारा बिचारा कंगव्याचा भाव विचारून गेला. पण दीड महिन्यात हेमा स्वतःची स्वतः तयार होऊन शाळेला निघायला लागली, मी एक शब्द न बोलता. एका वेळी एकच वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं, हे मला शिकावं लागलं. माझ्या सासरी याला चमत्कार समजतात.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठीही फिरले. एका खिडकीवर सांगितलं, यादीत हे नाव नाही. दुसरीकडं म्हणाले, मुलगी तर चांगली बोलते, दिसते, चालते. तिसरीकडं परत पहिल्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या बाबूनं मला ओळखलं, म्हणाला, "आप फिर आ गए?" मी म्हटलं, "आपकी याद आ रही थी." तो हसला. काम झालं नाही.

मग मी नागपूरच्या डॉक्टरांकडून शाळेसाठी पत्र लिहून घेतलं. त्यात आजार काय आणि कशानं झाला ते होतं, आणि खाली तीन मागण्या होत्या. पहिल्या बाकावर बसवा. एका वेळी एक सूचना द्या आणि फळ्यावर लिहा. पेपरला वेळ जास्त द्या. हेमा एकदा नववीत नापास झाली होती, हे दुसरं वर्ष होतं. आठवीपर्यंत कोणी अडवत नाही, खरी शाळा नववीलाच लागते. मी ते पत्र मुख्याध्यापकांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "सर, हे फक्त तुमच्यापाशी ठेवजा."

"हो हो," ते म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

दोन महिने तीनपैकी एकही गोष्ट झाली नाही. मग ते पत्र ड्रॉवरमधून निघालं ते डॉक्टरीणबाईंच्या हातात गेलं. माझ्या पोरीच्या मदतीसाठी लिहिलेला कागद त्यांनी भाषणाला वापरला.

स्टेजच्या दुसऱ्या दिवशी हेमा शाळेतून उड्या मारत आली. "आई, माझं नवीन नाव ठेवलं सगळ्यांनी."

"काय ठेवलं?"

"क्वार्टर."

मी मशीनवर होते. पाय थांबला. तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तिला एवढंच माहीत होतं की आता मधल्या सुटीत सगळे तिला हाक मारतात.

पंधरा दिवसांनी परत फोन. या वेळी मी लग्नातली साडी नेसले नाही.

ऑफिसात मुख्याध्यापक होते, कोपऱ्यात क्लार्क होता, आणि सोफ्यावर अध्यक्ष बसले होते, सह्या करायला आलेले. हेमाला वर्गातून बोलावून माझ्या बाजूला उभं केलं. चहा आला. मला चहा दिला तेव्हाच समजलं की काहीतरी वाईट आहे.

"बाई, मुलीच्या भल्याचं सांगतो," मुख्याध्यापक म्हणाले. "नववीची परीक्षा तिला झेपणार नाही. आत्ताच दाखला काढून घ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसेल. घरी बसून आरामात अभ्यास."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे मूल परीक्षेला बसतं, पण शाळेचं म्हणून नाही. नापास झालं तर शाळेच्या निकालाला डाग लागत नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर शंभर टक्के निकाल असं रंगवलेलं आहे. ते कसं रंगवतात ते मला त्या दिवशी समजलं.

समोर टाईप केलेला अर्ज ठेवला होता. 'मी स्वखुशीने माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागत आहे.' फक्त सहीची जागा रिकामी.

"माझी खुशी नाही, सर."

"तिची तर आहे ना. तिलाच विचारा." ते हेमाकडं वळले, आवाज गोड करून. "हेमलता, बेटा, तुला शाळा सोडायची आहे ना?"

"हो सर," हेमा हसून म्हणाली.

"बघा."

माझं डोकं फिरलं. मी हेमाचा दंड धरला आणि तिला त्या दोघांकडं फिरवलं.

"हेमा, तुले शाळेतच राहायचं आहे ना?"

"हो आई."

"हेमा, तू काल चंद्रावर गेली होतीस ना?"

"हो."

"तिथी काय खाल्लं?"

हेमानं थोडा विचार केला. "पोहे."

क्लार्क फस्सकन हसला. अध्यक्ष हसले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मलाही क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. माझी गोष्ट रंगली की मला वाटतं, तसं.

मग मी हेमाकडं पाहिलं. ती हसत नव्हती. स्टेजवर ती हसली होती, इथं हसत नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती. तिच्या दंडावर माझी बोटं रुतली होती.

मी पण तेच केलं होतं. तोंड फिरवून चार माणसांना दाखवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ओठ दाखवला, मी डोकं दाखवलं.

मी हात सोडला. "हेमा, वर्गात जा," मी म्हटलं. एकच वाक्य. ती गेली.

मग मी बसले. बोलायचं होतं ते तिच्यावर नव्हतं, माझ्यावर होतं, आणि ते तिला तिथं उभं करून बोलायची गरज नव्हती.

"अध्यक्षसाहेब," मी म्हटलं, "मले ओळखता का?"

"तुम्ही त्या, ब्लाऊज शिवता त्या ना?"

"त्याच्या आधीचं विचारून राहिले. तुमच्या तळ्याकाठच्या बांधीत सोळा-सतरा वर्षांमागं रोवण्याच्या टोळीत होते मी. तुम्ही धुऱ्यावर छत्री धरून उभे राहत होते. चार वाजता डबकी येत होती. तुम्ही म्हणत होते, घ्या, घ्या, आंग गरम होईल. मी घेतली. माझ्या पोटात हेच लेकरू होतं. तुमची बांधी दिवस बुडायच्या आत होऊन गेली."

क्लार्कचा पेन थांबला.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "बाई, ते जुनं कशाला काढता? तेव्हा रिवाज होता. सगळेच मालक देत होते. जबरदस्ती कोणी केली होती का?"

"कोनी नाही केली. मीच पिली. माझ्या हातानं पिली, आवडीनं पिली. हे मी नागपूरच्या डॉक्टरले सांगितलं, आता तुम्हाले सांगून राहिले, आणि येत्या पालकसभेत त्याच हॉलमध्ये माईकवर सांगीन. मले आता त्याची चोरी नाही. पण स्टेजवर ग्लास सांगितला, तं डबकीही सांगायची होती. तुम्ही मधल्या खुर्चीवर बसून मान हलवत होते."

"तुम्ही धमकी देऊन राहिल्या का?" त्यांची शहरी मराठी गेली आणि गावची आली.

"धमकी कायची, मालक? गोष्ट सांगून राहिले. सांगायचीच सवय आहे मले."

मुख्याध्यापकांनी अर्ज पुढं सरकवला. "विषय भरकटतो आहे. बाई, सही करता की नाही? नाहीतर निकालाची जबाबदारी तुमची राहील."

"मी सही करत नाही."

कादंबरीतल्या बाया अशा वेळी ताठ उठून निघून जातात. मी उठले तर खुर्चीच्या खिळ्यात पदर अडकला आणि तो क्लार्कनं सोडवून दिला. पण सही केली नाही.

पिशवीतून मी नागपूरच्या पत्राची दुसरी प्रत काढली. त्याच्यावर माझ्या हातानं अर्ज लिहिलेला होता, तीनही मागण्या परत, आणि खाली एक चौथी. माझ्या मुलीला या शाळेत कोणीही परत स्टेजवर उभं करून दाखवणार नाही, आणि तिला दारूच्या नावानं हाक मारणाऱ्याला शाळा थांबवेल. मी तो क्लार्कसमोर ठेवला.

"पोच द्या."

"ठेवून जा ना बाई, पाहून घेऊ."

"मागच्या वेळी ठेवून गेली होती. पोच द्या."

त्यानं मुख्याध्यापकांकडं पाहिलं. मुख्याध्यापकांनी अध्यक्षांकडं. अध्यक्ष खिडकीतून बाहेर पाहत होते. शिक्का उमटेपर्यंत मी तिथून हलले नाही.

याला आता पाच सोमवार झाले. दर सोमवारी मी मशीन बंद करून शाळेत जाते. पहिल्या सोमवारी म्हणाले, मीटिंग आहे. दुसऱ्या सोमवारी म्हणाले, अर्ज वर पाठवला. वर म्हणजे कुठं, ते कोणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या सोमवारी हेमाला पहिला बाक दिला, खिडकीकडचा, जिथून गोंदियाच्या सगळ्या बसा दिसतात. आता ती फळा सोडून बसा पाहते आणि कोणती बस किती उशिरा आली ते मला घरी येऊन सांगते. चौथ्या सोमवारी बाक बदलून मागितला. पाचव्या सोमवारी मुख्याध्यापक मला पाहून संडासात गेले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. मी बाहेर उभी राहिले. माझे पाय रोवण्यातले आहेत, उभं राहायला त्यांना काही लागत नाही.

सूचना फळ्यावर अजून लिहीत नाहीत. जास्त वेळेचं अजून ठरलेलं नाही. पोरं आडून अजून तेच नाव घेतात. त्याचा अर्थ मी हेमाला सांगितला. ते कसं पडलं तेही सांगितलं, एका वेळी एक वाक्य, सात-आठ संध्याकाळी. ऐकून ती एकदाच म्हणाली, "तुले माहीत नव्हतं ना?" मी म्हटलं, नव्हतं. ती म्हणाली, "मग माले मारलं काऊन?" याचं उत्तर तिखटमीठ लावूनही होत नाही.

घरचे म्हणतात, पुरे कर. हेमाचे बाबा म्हणतात, त्या मोठ्या लोकांशी आपण कुठं लागावं? सुशीला म्हणते, बाई, घेऊन टाक दाखला, शिलाई शिकव, लगन करून दे. तीही वाईट बोलत नाही. तिनं माझ्यासाठी दोनदा भाजी आणून दिली. पण लग्न करून दिलं की तिकडंही कोणीतरी तिला विचारील, तुला हे पाहिजे ना? आणि ती हो म्हणेल.

शनिवारी पालकसभा आहे. मी नाव दिलं आहे. माईक देणार नाहीत असं ऐकलं. माझा आवाज तीन गल्ल्या पलीकडं जातो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी सांगणार आहे की मी पिली, कोणत्या महिन्यात पिली, कोणी पाजली, कशासाठी पाजली. सभेत पोटुशा बाया असतील, त्यांनी ऐकावं. ज्यांच्या घरून डबकी जाते, त्यांनीही ऐकावं. हेमा तिथं नसेल. मी तिला विचारलं होतं, येशील का? ती हो म्हणाली. म्हणून मी परत विचारलं, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तऱ्हेनं, घरी थांबशील का येशील? ती म्हणाली, "घरी." तिचं ते पहिलं 'नाही' होतं. मी ते मानणार.

सतरा नंबरचा फॉर्म भरणार नाही. दाखला मागणार नाही. नववी याच बाकांवर होईल. एका वर्षात नाही झाली तर दोन वर्षांत होईल. मग दहावीच्या यादीत या शाळेच्या नावाखाली तिचं नाव लागेल. पास झाली तर याच शाळेतून पास होईल, आणि नापास झाली तर याच शाळेतून नापास होईल. भिंत त्यांनी परत रंगवावी.